डमी आउटपुटमधून आलेल्या हाका

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजावं. तसं समजून मला झोप लागणार असती तर मीही तेच केलं असतं.

पण मी तिथे होते. ती फाइल मी माझ्या हातांनी पकडली आणि माझ्याच कानांनी ऐकली.

दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. गुरुवार, दुपारचे साडेबारा. रात्रबित्र काही नव्हती. नारिन या आमच्या डोंगरातल्या शहराच्या वर कारा-किरचा घाट आहे, तिथे बर्फ काढणाऱ्यांची चौकी आहे. चौकी कसली, चाकं काढलेली एक लोखंडी वॅगन. आत कोळशाची शेगडी, बाहेर डोझर.

मी बेगायिम. नारिनमध्ये लॅपटॉप दुरुस्त करते. शाळांनी, दवाखान्यांनी टाकून दिलेले जुने लॅपटॉप घ्यायचे, त्यांच्यावर लिनक्स चढवायचं आणि पुन्हा कामाला जुंपायचे, हा माझा धंदा. लोक म्हणतात, बेगायिमचा हात लागला की मेलेलंही उठून बसतं. पूर्वी मला हे ऐकून बरं वाटायचं.

चौकीवरचा लॅपटॉप मीच दिलेला. तिथे तोक्तोसुन बाइके एकटे राहतात. बाइके म्हणजे आमच्याकडे दादा. पंचावन्न वर्षांचे, अंगाने धिप्पाड आणि बोलायला महाकंजूस. त्यांच्या रेडिओचा स्पीकर जळाला होता. नवा मागून मागून ते थकले, तेव्हा मी जुगाड केला. रेडिओतून एक वायर काढून लॅपटॉपमध्ये खुपसली. बोलायचं रेडिओच्या माइकवर, ऐकायचं लॅपटॉपवर. दोन वर्षं झकास चाललं.

आता त्या घाटाची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

खाणीकडून कोळशाचे ट्रक येतात ते घाटाखालच्या तपासणी नाक्यावरून जात नाहीत. चौकीच्या पुढे, मधूनच घाटरस्त्याला येऊन लागतात. तिथे थांबून ड्रायव्हर रेडिओवर तीन हाका मारतो. "चौकी… चौकी… चौकी…" रस्ता बंद असेल तर बाइके म्हणतात, "बंद." मोकळा असेल तर काहीच म्हणत नाहीत. उगाच तोंड कशाला शिणवायचं? मौन म्हणजे संमती. ड्रायव्हर गाडी घालतो. वर्षानुवर्षं हेच चाललेलं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मंगळवारी सकाळी मी नारिनमध्ये घरी बसून, हातात चहा घेऊन, इंटरनेटवरून त्या लॅपटॉपवर अपडेट टाकलं. उंटावरून शेळ्या हाकल्या म्हणा ना. लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू झाला, पडद्यावर सगळं ठीक दिसलं. आवाज येतोय का, एवढं विचारायला एक फोन लागला असता.

मी केला नाही. म्हटलं, नसेल येत तर ओरडतील.

बाइके फोनवर ओरडले ते बुधवारी संध्याकाळी.

"बेगायिम, तुझं यंत्र मुकं झालंय."

"कधीपासून?"

"मला काय ठाऊक? इथे शांतताच असते."

गुरुवारी टपालाच्या जीपमधून मी वर गेले. जीपवाला म्हणाला, फाट्यावरच्या वस्तीत टपाल टाकून तासाभरात परत येतो. तो गेला आणि पंधरा मिनिटांत वारं सुटलं. खिडकीबाहेरचा डोझर दिसेनासा झाला. मोबाइलला डोझरपाशी एक दांडा तरी मिळायचा, तोही गेला.

"जीपवाला येत नाही आता," बाइके म्हणाले. "मंगळवारी सकाळपासून घाट बंदच ठेवलाय मी. नाक्याने त्याला सोडलं कसं तेच कळत नाही. खा."

ते कढईत बोरसोक, म्हणजे पिठाचे छोटे गोळे, तळत होते. गुरुवारी आमच्यात तेलाचा वास काढतात, गेलेल्या माणसांना तो पोचतो म्हणून.

"कुणाच्या नावाने तळताय?" मी विचारलं.

"कुणाच्या नाही. ज्याला भूक असेल तो येईल."

मी हसले. गरम बोरसोक तोंडात टाकून लॅपटॉप उघडला.

रोग एका नजरेत कळला. आवाजाच्या यादीत स्पीकरचं नाव नव्हतं. एकच ओळ होती. डमी आउटपुट.

लिनक्सला आवाजाचं कार्ड सापडलं नाही की तो एक खोटं तोंड तयार करून ठेवतो. गाणं लावा, गाणं चालू आहे असं दिसतं, पण ते त्या खोट्या तोंडात जातं आणि तिथेच संपतं. नव्या कर्नेलचं आणि या कार्डाचं जमत नव्हतं. कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा. उपाय अगदी पोरखेळ. लॅपटॉप बंद करायचा, सुरू होताना यादीतला जुना कर्नेल निवडायचा. चार मिनिटांचं काम.

मी बटणाकडे हात नेला, आणि…

पट्टी हलली.

आवाज किती मोठा आहे ते दाखवणारी एक हिरवी पट्टी असते. काही वाजत असेल तरच ती हलते. मी सगळं बंद केलेलं होतं. गाणं नाही, ब्राउझर नाही, काही नाही.

पट्टी तीनदा हलली.

मग थांबली.

मग पुन्हा… तीनदा.

"बाइके, रेडिओ बंद करा."

त्यांनी बंद केला. मी वायरही उपटून काढली. आता त्या लॅपटॉपला विजेशिवाय काहीही जोडलेलं नव्हतं.

पट्टी हलली. एक… दोन… तीन.

मला राग आला, खरं सांगते. आधी भीती नाही वाटली, रागच आला. मशीन माझ्यापुढे नाटकं करतंय म्हणजे काय? खोट्या तोंडात जे जातं ते फाइलमध्ये पकडता येतं. मी एक मिनिट पकडलं. लॅपटॉप मुका, म्हणून फाइल केबलने माझ्या मोबाइलवर घेतली आणि वाजवली.

आधी काहीच नाही.

मग…

"चौकी… चौकी… चौकी…"

पुरुषाचा आवाज. अगदी स्वच्छ. रेडिओला जी खरखर असते ती नव्हती. मागे वारा नव्हता, इंजिन नव्हतं. माणूस बोलताना मध्ये श्वास घेतो ना, तोही नव्हता.

बाइकेंच्या हातातला झारा कढईत पडला.

"हा साबिर आहे," ते म्हणाले. "कोळसावाला साबिर. पुन्हा लाव."

मी पुन्हा लावलं.

"शेवटचा कधी गेला तो इथून?" मी विचारलं.

"मंगळवारी यायचा होता." बाइके खाली बसले. "घाट बंद होता. त्याने हाक मारली असती तर मी 'बंद' म्हणालो असतो. त्याने हाक मारलीच नाही."

तेव्हा दोघांनाही उमगलं. त्याने हाक मारली होती. लॅपटॉप मुका होता. वरून उत्तर आलं नाही, म्हणून त्याने रस्ता मोकळा समजून गाडी घातली होती. मंगळवारी. आणि आज गुरुवार.

त्याला ती संमती मीच दिली होती, नारिनमध्ये बसून, चहा पीत.

"घरच्यांनी शोधलं नसेल?"

"त्यांना वाटत असेल पलीकडे पोचला. तिकडे फोन लागत नाही. दोन दोन दिवस राहतो तो."

बाइकेंनी रेडिओ चालू केला आणि माइक उचलला. बोलणं तर जातच होतं, बंद पडलं होतं ते फक्त ऐकणं.

"साबिर. ऐकलं. कुठे आहेस?"

मी एक मिनिट पकडलं. मोबाइलवर घेतलं. घाईत केबल दोनदा निसटली.

"ऐकलंत बाइके… बरं झालं. दुसऱ्या वळणाच्या अलीकडे, दगडी भिंतीला टेकलोय. वरून सगळं आलं. माझ्याबरोबर चोल्पोन आहे, वरच्या शाळेतली शिक्षिका. ती आहे अजून. तिला काढा."

'ती आहे अजून.' हे मी चारदा ऐकलं.

"हे कार्टं काय करतंय ते मला समजत नाही," बाइके लॅपटॉपकडे बोट करून म्हणाले. "वायर काढलेली, आवाज बंद, आणि माणूस बोलतोय? तू आधी नीट कर. मला साबिर माझ्या कानांनी ऐकू दे, रेडिओवरून. मग डोझर काढतो. वर दोन हात बर्फ लटकतोय, पोरी. एक खोकला पुरे."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी वायर पुन्हा जोडली, जुना कर्नेल निवडला.

चार मिनिटं.

लॅपटॉपमधून खरखर आली. खरा आवाज. बाइकेंचा चेहरा जरा सैल झाला.

"साबिर. साबिर, बोल."

खरखर.

"साबिर."

खरखर… आणि मग दुसराच आवाज. खालचा नाका. "कोण साबिर? तोक्तोसुन, आम्ही दोन दिवस तुला हाका मारतोय, कान फुटले का तुझे? टपालाची जीप सोडली तर इथून कुणी गेलेलं नाही. उद्या सकाळपर्यंत वर कुणी येणार नाही. आणि तू डोझर हलवू नकोस, जीव नको झालाय का?"

मग तेही तुटलं.

मी यादी पाहिली. स्पीकर आला होता, माइक आला होता. डमी आउटपुट गेलं होतं. असायलाच नको होतं, मी दुरुस्ती चोख केली होती. पट्टी फक्त खरखरीबरोबर थरथरत होती.

बाइकेंनी दहा वेळा हाक मारली. पलीकडे कुणी नव्हतं.

माझी जी पाचावर धारण बसली ती तेव्हा. आवाज आला म्हणून नाही. आवाज गेला म्हणून.

"परत बिघडव," बाइके म्हणाले.

"काय?"

"जसं होतं तसं कर. बिघडव ते."

बारा वर्षांच्या धंद्यात मी पहिल्यांदा चालू मशीन जाणूनबुजून बिघडवलं. नवा कर्नेल निवडला. ती चार मिनिटं कशी गेली ते मला विचारू नका. वारा वॅगनला धक्के देत होता. दारावर बर्फ घासत वर चढत होता, ते आतून ऐकू येत होतं.

डमी आउटपुट.

पट्टी निश्चल.

मी पडद्यावर डोळे लावून बसले.

मग… हलली. एकदाच. अगदी थोडी.

पकडलं. ऐकलं.

"मध्येच का सोडलंत मला?"

बाइके उठले. मेंढीच्या कातड्याची टोपी कानांवर ओढली. रोटीचा एक तुकडा तोडून तोंडात टाकला, उरलेली रोटी फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. घरातून मुलगा सैन्यात जाताना करतो तसं. उरलेली परत येऊन खायची असते.

"त्याच्याशी बोलत राहा," ते म्हणाले. "मला बोलता येत नाही, तुला माहीत आहे."

त्यांनी खांद्याने दार लोटलं, पण जेमतेम एक माणूस जाईल एवढंच उघडलं. दार मिटलं आणि वाऱ्याने ती फट भरून टाकली. मी नंतर ढकलून पाहिलं. जागचं हललं नाही. खिडकीवर पांढरा थर चढला होता. दुपारचे तीन वाजले असतील, पण आत शेगडीच्या उजेडाशिवाय काही नव्हतं.

मी, लॅपटॉप आणि तो.

माइक उचलला. काय बोलायचं असतं अशा वेळी?

"साबिर बाइके, मी बेगायिम. लॅपटॉपवाली. तोक्तोसुन बाइके निघालेत. चोल्पोनला म्हणावं, झोपू नको."

मिनिटभर पकडलं.

"ती माझं ऐकत नाही आता."

"हात चोळा तिचे."

मिनिट.

"हात हलत नाहीत माझे. मला आधी खूप थंडी वाजत होती… आता वाजत नाही. तिला वाजतेय. तिला आधी काढायला सांगा."

मला सांगायचं होतं की मंगळवारी तुम्हाला उत्तर आलं नाही ते माझ्यामुळे. माइकचं बटण दाबलं. तोंड उघडलं.

"पोचतीलच ते," एवढंच म्हणाले. आजही त्याची लाज वाटते.

असं दीड तास. मी एक वाक्य बोलायचं, मिनिटभर वाट पाहायची, मग मोबाइल कानाला लावायचा. कधी उत्तर असायचं, कधी नुसती पोकळी. ती पोकळी वाईट होती. एकदा मला वाटलं, मीच गाडलेली आहे आणि बाहेरून कुणीतरी माझ्याशी बोलतंय. मी शेगडीला हात लावून पाहिला. चटका बसला तेव्हा बरं वाटलं.

साडेचारच्या सुमाराला त्याचं शेवटचं आलं.

"उजेड दिसतोय. ऐकलं… ऐकलं… ऐकलं."

मग पट्टी पडली ती पडलीच. मी हाका मारत राहिले. काही नाही. डमी आउटपुट जसं असायला हवं तसं, मेलेलं.

सहाला डोझर आला. बाइकेंनी फावड्याने दार मोकळं केलं. त्यांच्या खांद्यावर कोळशाच्या पोत्यांत गुंडाळलेली एक मुलगी होती. ओठ काळेनिळे, पण नाकासमोर वाफ होती.

"जिवंत आहे," ते म्हणाले. "पाणी तापव."

"आणि साबिर बाइके?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"पाणी तापव आधी."

रात्रभर आम्ही तिला शेगडीजवळ ठेवलं. सकाळी खालून गाड्या आल्या. तिला नारिनच्या दवाखान्यात नेताना बाइके मला डोझरमागे घेऊन गेले.

"लाकडासारखा झाला होता तो," ते म्हणाले. "असा दोन तासांत होत नाही माणूस. मी बर्फात आयुष्य काढलंय, मला कळतं."

"मग रेडिओ…"

"पुढचा भाग पार चेपलाय. रेडिओचे तुकडे त्याच्या छातीत होते, बेगायिम."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मंगळवारचा मृत्यू. काही तासांतच.

चार दिवसांनी मी चोल्पोनला भेटायला गेले. सव्वीस वर्षांची पोर. पायाची दोन बोटं गेली होती. मी शेजारी बसले तर तिने माझा हात धरला.

"एजे, एक विचारू?" एजे म्हणजे ताई. "साबिर बाइके मंगळवारीच गेले. अंधार पडायच्या आत. त्यांचे डोळे मी मिटले. मग दोन दिवस तिथे नुसती शांतता होती. मी ओरडून ओरडून थकले, माझा आवाज माझ्याच कानात बसायचा. कुणाला ठाऊक नव्हतं मी त्या ट्रकमध्ये आहे. आईलाही नाही. मग तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी म्हणाले, ट्रकचा पत्रा दिसला.

"बर्फाच्या आत?"

मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले.

साबिरच्या बायकोलाही आम्ही पत्र्याचंच सांगितलं. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला ती मला म्हणाली, "शेवटी काही बोलले असतील का हो कुणाशी?" माझ्या मोबाइलमध्ये त्याचा आवाज होता. चोवीस फाइली. खिशातच होता मोबाइल. मी कानांवर हात ठेवले, नाही माहीत म्हणाले. आवाज दिला तर मंगळवारची माझी चूकही सांगावी लागणार होती.

त्या फाइली घरी येऊन उघडल्या तेव्हा वाजत होत्या. चाळिसाव्यानंतर उघडल्या तर लांबी तीच, एक-एक मिनिट, आत काही नाही. मोबाइल बिघडला असेल. माझा धंदा आहे हा, मोबाइल कसा बिघडतो ते मला कळतं. तसा नव्हता बिघडला.

चौकीला आता दुसरा रेडिओ आहे, आणि बाइके प्रत्येक हाकेला उत्तर देतात. रस्ता मोकळा असला तरी.

मी अजून तोच धंदा करते. दुसरं काही येत नाही.

मागच्या महिन्यात एका शाळेत गेले होते. परीक्षेआधी लॅपटॉपचा आवाज गेलेला. शिक्षक दारात उभे. "एजे, जरा भराभर हात चालवा, पोरं खोळंबलीत." मी यादी उघडली.

डमी आउटपुट.

सगळं बंद होतं. गाणं नाही, ब्राउझर नाही.

आणि… पट्टी हलली.

थोडीशीच. एकदा, मग परत. मोबाइल माझ्या हातात होता. केबल पिशवीत होती. एक मिनिट पकडायचं, वाजवायचं, एवढंच करायचं होतं. शिक्षक म्हणाले, "काय झालं एजे?"

"काही नाही," म्हणाले आणि लॅपटॉप बंद करायचं बटण दाबलं.

चार मिनिटांत आवाज आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. शिक्षकांनी चहाला थांबायचा आग्रह केला, पण मी थांबले नाही.

तिथे कुणी होतं की नव्हतं, मला माहीत नाही. मी ऐकून घेतलं नाही.